धुक्यातला गोल

"खिशात अख्खं जग घेऊन फिरतात, आणि एक गोष्ट बघायची म्हटली की यांची बोटं आखडतात," माइते फ्रिजच्या दाराशी पुटपुटली. पुटपुटली म्हणजे एल्बियाला नीट ऐकू जाईल अशा बेताने.

एल्बिया कँटीनच्या ओट्यामागे बटाटे सोलत होती. तिने सुरी थांबवली नाही.

"कुणाला म्हणतेस?"

"तुम्हाला नाही, दोन्या एल्बिया." दोन्या म्हणजे बाई, माइते तिला मानाने तसं म्हणायची.

"मग माझ्या कानाशी येऊन कशाला म्हणतेस?"

माइते शाळेत इतिहास शिकवायची आणि मार्चपासून ला कालेरा फुटबॉल क्लबची सचिव होती. क्लबच्या नव्वद वर्षांत सभांची वह्यापुस्तकं उघडून वाचणारी ही पहिलीच सचिव. आधीच्यांनी त्यावर चहासारख्या येर्बाचे तुंबे ठेवले होते, त्यांचे गोल डाग प्रत्येक पानावर होते. वर्धापनदिनासाठी तिने लांबच्या भिंतीवर क्लबचा इतिहास रंगवून घ्यायचं ठरवलं होतं, सालवार. शनिवारी रंगारी येणार होता. सगळी सालं भरली होती, फक्त एक ओळ अडली होती. एकोणीसशे एकाहत्तर, जिल्हा अजिंक्यपद, पासो ओन्दोविरुद्ध एक-शून्य. गोल मारणारा: आणि पुढे टिंबटिंब.

त्या टिंबांवर क्लबात त्रेपन्न वर्षं वाद चालू होता.

"पाच मिनिटांचं काम आहे," माइते आता उघडपणे म्हणाली. "जिल्ह्याचं जुनं साप्ताहिक नेटवर आहे. राजधानीतल्या ग्रंथालयाने पानन् पान चढवलंय. तारीख टाका, वाचा, संपलं."

पलीकडच्या टेबलावर चार म्हातारे पत्त्यांचा त्रुको खेळत होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही.

"माझा चष्मा घरी आहे," ओमार म्हणाला. चष्मा त्याच्या कपाळावर होता.

"माझ्या फोनला चार्जिंग राहत नाही," विल्मार म्हणाला.

ओमारचा मेहुणा काही बोललाच नाही. तो कशालाच काही बोलत नसे.

"आणि मी कशाला बघू?" हेबेर तेचेरा हातातली पानं छातीशी धरून म्हणाला. "मी होतो तिथे. मीच मारला तो गोल. जाळी हललेली अजून डोळ्यांपुढे आहे."

"बघेल कुणीतरी कधीतरी," विल्मार म्हणाला. "कंटाळा येतो गं पोरी. तू पानं वाट, ओमार."

एल्बियाने बटाटा पाण्यात टाकला. कंटाळ्याच्या बाबतीत तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिचा फोन पिठाच्या डब्यावर पडलेला असायचा आणि दिवे गेले की टॉर्च म्हणून कामाला यायचा. बाकी जगातलं जे काही विचारायचं ते ती दारातून आत येईल त्याला विचारायची. एकोणतीस तारखेला रिवाजाने होणाऱ्या साठ माणसांच्या न्योकीला, म्हणजे बटाट्याच्या गोळ्यांना, बटाटे किती, हे तिने दोन दिवसांत चौदा जणांना विचारलं होतं. चौदा उत्तरं आली. तिने सगळ्यात जाड माणसाचं उत्तर धरलं. नेटवर बघितलं असतं तर एकच उत्तर मिळालं असतं आणि चौदा जणांशी बोलणं झालं नसतं, असा तिचा हिशेब. आणि उन्हाळ्यात ज्याने तिला मोंटेव्हिडिओच्या बसची वेळ चुकीची सांगितली होती, त्याच्याशी गप्पा मारता मारता तिला नवीन गॅस शेगडी अर्ध्या किमतीत मिळाली होती. ते कुठे लिहून आलं असतं?

पण ह्या एका गोष्टीतला कंटाळा वेगळा होता, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी एल्बिया तीन वर्षांची होती. तिचा बाप, तितो आर्बेलो, ला कालेराचा गोलरक्षक. जुलै महिना, आणि ओढ्यावरून असं धुकं चढलं की पंचांनी सामना रद्द करायचा म्हटलं, तर दोन्ही गावं त्यांच्या अंगावर धावून गेली. अर्धं गाव मैदानावर होतं आणि कुणाला काही म्हणजे काही दिसलं नाही. शिटी वाजली, ओरडणं ऐकू आलं, आणि धुक्यातून आपली पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून बाहेर आली. सगळ्यात मधे हेबेर, नखशिखांत चिखलात.

गोल हेबेरचा नाही, त्याचा, असं अर्धं गाव म्हणायचं तो संघातला नेल्सन वारला त्याला वीस वर्षं झाली. जिवंत असेपर्यंत तो गोलाबद्दल विचारलं की नुसता हसायचा. हसण्याचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावला. एल्बियाचा बाप म्हणायचा, "मी दुसऱ्या टोकाला होतो. मला माझे स्वतःचे हातमोजे दिसत नव्हते." आणि मग थोडं थांबून, "पण हेबेर चांगला माणूस आहे." त्या 'पण'चा अर्थ एल्बियाला फार उशिरा कळला.

हेबेर खरंच चांगला होता. एल्बियाच्या कँटीनचं शटर गंजलेलं होतं, तिला एकटीला उचलत नसे. बाप गेल्यापासून अठरा वर्षं, रोज पाच वाजता, हेबेर येऊन खांदा लावून ते उचलायचा आणि मग जणू आत्ताच आलोय अशा थाटात आत येऊन बसायचा. ओट्यावरची पितळी घंटाही त्यानेच दिलेली. बंद करायच्या वेळी एल्बिया ती वाजवायची.

आणि आता कुणी फोन काढावा, त्या साप्ताहिकात नेल्सनचं नाव निघावं, आणि मग दुसऱ्या दिवशी पाच वाजता हेबेरच्या तोंडाकडे बघावं कसं? त्यापेक्षा कंटाळा बरा.

त्रुकोचंही असंच असतं. चांगल्या पानांपेक्षा चांगली थाप मोठी. समोरच्याने बोली लावली की एकतर "हवंय" म्हणायचं, म्हणजे पानं उघडी पडतात, नाहीतर आपली पानं मुकाट्याने टाकून द्यायची. टाकली की त्याच्या हातात राजा होता का रद्दी, ते मरेपर्यंत कळत नाही. अख्ख्या ला कालेराने हेबेरपुढे त्रेपन्न वर्षं पानं टाकली होती.

"मग मी एवढंच सांगते," माइते म्हणाली, आणि तिचा आवाज वर्गात असतो तसा झाला. "शनिवारी रंगारी येईल. जे कागदावर आहे तेच भिंतीवर जाईल. पुरावा नसेल तर जागा रिकामी राहील."



"राहू दे रिकामी," हेबेर म्हणाला. "मला काय त्याचं." आणि हुकमाचं पान खाली टाकलं, जे टाकायची काहीएक गरज नव्हती. तो डाव त्याची जोडी हरली.

बुधवारी हेबेर आला, शटर उचललं. त्या रिकाम्या ओळीजवळून जाताना मात्र त्याने मान दुसरीकडे वळवली. भिंतीवर अजून रंग लागलेलाही नव्हता, खडूच्या रेघा होत्या नुसत्या, आणि त्या ओळीत टिंबं.

गुरुवारी येर्बाचा तुंबा फिरत होता. एल्बिया गरम पाणी घालून एकेकाच्या हातात देत होती, तो नळीने ओढून परत करायचा, ती पुन्हा भरून पुढच्याला द्यायची. विल्मार झाला, ओमार झाला, मेहुणा झाला. हेबेरची पाळी आली. त्याने ओढलं, तुंबा परत दिला आणि म्हणाला, "धन्यवाद."

एल्बियाचा हात हवेतच राहिला.

तुंबा परत करताना कुणी धन्यवाद म्हणत नाही. धन्यवाद म्हणजे मला पुरे, मी उठलो, पुढच्या फेरीत मला धरू नका. ते शेवटी म्हणायचं असतं. किटलीत अजून अर्ध्याहून जास्त पाणी होतं, पहिलीच फेरी होती, आणि हेबेर तेचेराने उभ्या आयुष्यात पाणी संपायच्या आत धन्यवाद म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"पोटात दुखतंय का?" विल्मारने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. घरी कामं आहेत." त्याने टोपी घातली. "शनिवारी मी नाही येणार. तेरेसिताच्या बहिणीकडे जायचंय."

तेरेसिता त्याची बायको, आणि तिच्या बहिणीशी त्याचं सतरा वर्षं बोलणं नव्हतं, हे ओमारच्या मेहुण्यालासुद्धा माहीत होतं.

तो गेल्यावर एल्बियाने किटली खाली ठेवली, हात पुसले आणि ॲप्रन न काढताच रस्त्यापलीकडच्या शाळेत गेली. माइते वह्या तपासत होती.

"बघ," एल्बिया म्हणाली.

"काय बघू?"

"ते साप्ताहिक. बघून टाक. काय निघायचं ते निघू दे. रिकाम्या जागेपेक्षा नेल्सन बरा. रिकामी जागा रोज दिसेल त्याला."

माइतेने पेन खाली ठेवलं. तिचे कान लाल झाले होते.

"दोन्या एल्बिया, मी मार्चमध्येच बघितलंय."

"आणि इतके महिने आमच्या डोक्यावर बसलीस?"

"मला वाटलं, तुमच्यापैकी कुणीतरी बघावं. माझ्या तोंडून कशाला? मी बाहेरची." तिने फोन पुढे केला. "तेचेरा हे नाव शोधलं. एकदाही नाही. मग ते पान काढून डोळ्यांनी वाचलं. गोल दुसऱ्याच कुणाच्या नावावर आहे."

"नेल्सनच्या."

"नाही. नेल्सनही नाही. आपल्या वहीतल्या खेळाडूंच्या यादीतही नसलेला कुणीतरी. घंटी म्हणून."

एल्बिया शाळेच्या त्या बुटक्या बाकावर खाली बसली. मग ती हसायला लागली. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. माइते पाणी आणायला उठली तर तिने हाताने तिला थांबवलं.

"पोरी, तू शिकलेली आहेस ना? या गावात त्या काळी कुणाला नावाने हाक मारायचे, असं सांगितलं तुला कुणी? विल्मारला खुंटा म्हणायचे. माझा बाप बेडूक. आणि काकाच्या भट्टीचा पाव गाडीवर घालून दारोदार फिरणारं एक लुकडं पोर होतं, गाडीला पितळी घंटा बांधलेली. माझी आई म्हणायची, घंटी आला, पिशवी घे. लग्न झालं आणि तेरेसिताने अख्ख्या गावाला दम भरला, माझ्या नवऱ्याला नाव आहे. तेव्हापासून हेबेर." तिने डोळे पुसले. "आणि ती घंटा माझ्या ओट्यावर आहे. तू रोज तिच्याशेजारी कॉफी पितेस."

माइतेने फोन बाकावर पालथा ठेवला.

"मला विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

"तू विचारायला हवं होतंस आणि आम्ही बघायला हवं होतं. चल, आता उद्यापर्यंत तोंड बंद ठेव. हे मी असं सांगणार नाही. त्याला मागू दे."

शुक्रवारी पाच वाजले तरी शटर खालीच होतं. बाहेर विल्मार, ओमार आणि मेहुणा खिशात हात घालून उभे. तिघांनी मिळून खांदा लावून पाहिला, शटर गुडघ्याएवढं वर आलं आणि अडकलं.

"वाकून जाऊ," ओमार म्हणाला.

"तू वाकलास तर परत उभा राहणार नाहीस," एल्बिया म्हणाली आणि हेबेरच्या घराकडे चालू लागली.

तो अंगणात द्राक्षाच्या वेलाची छाटणी करत होता. वेल छाटून कधीच झाला होता, आता तो नुसत्या काड्यांचे तुकडे करत होता.

"शटर अडकलंय," एल्बिया म्हणाली.

"विल्मारला सांग."

"विल्मारने तेच तर अडकवलंय. अर्ध्यात. साठ माणसांचे बटाटे आत आहेत, हेबेर."

त्याने कात्री खाली ठेवली. बटाट्यांचा काही दोष नव्हता. क्लबापाशी येऊन शटर त्याने एका दमात वर घेतलं, आणि मग सवयीने, जणू आत्ताच आलोय अशा थाटात, आत येऊन आपल्या खुर्चीवर बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण तोवर ओमारने पानं वाटली होती.

दोन डाव झाले. माइते येऊन ओट्याशी उभी राहिली. एल्बियाने पिठाच्या डब्यावरचा फोन उचलला, ॲप्रनला पुसला आणि पानांच्या मधोमध टेबलावर ठेवला. पिठाचा पांढरा ठसा उमटला.

"हे काय?" विल्मारने विचारलं.

"माझी बोली. नेट भरलंय मी यात, जन्मात पहिल्यांदा. एकाहत्तर सालच्या जुलैचं साप्ताहिक आहे, तेच पान." ती हेबेरकडे बघत होती. "हवंय म्हणालास तर माइते वाचेल. पानं टाकलीस तर हा फोन डब्यावर परत जाईल आणि माझ्या जिवात जीव आहे तोवर इथे कुणी हा विषय काढणार नाही. भिंतीवर काय लिहायचं ते मी रंगाऱ्याला सांगेन."



"टाक पानं, हेबेर," विल्मार घाईघाईने म्हणाला. "एवढं बारीक कोण वाचत बसणार? कंटाळा येतो."

"चष्माही नाहीये कुणाकडे," कपाळावरचा चष्मा सारखा करत ओमार म्हणाला.

हेबेर फोनकडे बघत होता. त्याने हातातली तीन पानं टेबलावर पालथी ठेवली. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा लाथ. चौथ्या लाथेला सुरू झाली आणि निघून गेली.

"एल्बिया," तो म्हणाला, "तू वाचलंयस?"

"बोली लावणाऱ्याला असं विचारतात का?"

तो किंचित हसला. मग खुर्चीत सरळ बसला, टोपी काढली, केसांवरून हात फिरवला.

"हवंय," तो म्हणाला.

माइतेने फोन उचलला. तिचा आवाज वर्गातला झाला.

"'धुके इतके दाट होते की प्रस्तुत वार्ताहरास सामना पाहण्यासाठी पासो ओन्दोच्या गोलखांबास पाठ टेकून उभे राहावे लागले, व त्याबद्दल त्यांच्या रक्षकाची बोलणी खावी लागली. उत्तरार्धाच्या एकतिसाव्या मिनिटास डावीकडून चेंडू आला. दोघे उडाले, एक त्यांचा व एक ला कालेराचा. नेल्सन ओलिव्हेराचे डोके चेंडूस लागले नाही, हे आम्ही तीन हातांवरून पाहिले. चेंडू मागे उभ्या घंटीकडे गेला, आणि पाववाल्याच्या या पोराने तो डाव्या पायाने असा हाणला की जाळीतून पाण्याचा फवारा उडाला. मारणारा त्याच क्षणी चिखलात तोंडावर पडला, त्यामुळे सबंध मैदानात हा गोल न पाहिलेला पहिला माणूस तोच असावा.'"

 मग ओमारच्या मेहुण्याने, ज्याचा आवाज गावाने वर्षातून एकदा ऐकला असेल, टेबलावर मूठ आपटली आणि म्हणाला, "घंटी. अरे, घंटी." आणि एल्बियाने ओट्यावरची पितळी घंटा धरली आणि वाजवायला सुरुवात केली. संध्याकाळचे पावणेसहा वाजले होते. रस्त्यावरचे लोक क्लब आत्ताच बंद झाला की काय म्हणून दारातून डोकावले. आत येऊन बघतात तर ओमार खुर्चीवर चढायच्या प्रयत्नात, मेहुणा त्याचे पाय धरून, आणि शाळेतली बाई भिंतीसमोर खडू घेऊन टिंबांवर मोठ्या, गोल अक्षरांत लिहितेय. हेबेर तेचेरा. मग थोडा विचार करून खाली: घंटी.

"तेरेसिता माझा जीव घेईल," हेबेर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवतही नव्हता. दारातली माणसं आत आली, त्यांना पहिल्यापासून सांगावं लागलं, मग त्यांच्या मागून आणखी आली, पुन्हा पहिल्यापासून. माइतेने ते पान चार वेळा वाचलं. पाण्याच्या फवाऱ्याशी प्रत्येक वेळी आरोळी उठली. एल्बियाने मधाच्या ग्राप्पाची, म्हणजे दारूची, बाटली काढली, जी वर्धापनदिनासाठी ठेवली होती, आणि पेले भरले.

फक्त विल्मार उठला नव्हता. तो त्याच्या खुर्चीत बसून आपल्या पानांकडे बघत होता. एल्बियाने त्याच्यापुढे पेला ठेवला, तो तसाच राहिला. टेबलाजवळचे लोक त्याच्याकडे वळले, मग दारातलेही.

"हेबेर," विल्मार म्हणाला. "नववीपासून आपण एका बाकावर. तुझ्या पोरांना मी हातांवर खेळवलं. रोज संध्याकाळी तुझ्यासमोर बसतो." त्याने पानं खाली ठेवली. "त्या गोलावर माझा कधी विश्वास बसला नाही. एक दिवससुद्धा."

एल्बियाचा हात घंटेवरच होता. ती वाजू नये म्हणून तिने ती घट्ट धरली.

हेबेरने विल्मारचा पेला उचलला, त्याच्या हातात दिला, त्याची बोटं पेल्याभोवती नीट मिटली आहेत ना ते पाहिलं.

"माझाही नव्हता रे," तो म्हणाला.